नाटकवाल्यांची दोस्ती खरी किती? तुमचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात संगीत नाटकातल्या गायक नटांवर चार ओळी लिहिल्या होत्या, आणि जाता जाता म्हटलं होतं की कोणाचं कोणाशी जमायचं, कोण कुठल्या कंपनीतून फुटून कुठे गेलं हे माहीत असलं की नाटक बघायला दुप्पट मजा येते. त्यावर पत्रं आणि मेल यांचा ढीगच पडला. निम्म्या लोकांना सरळ सरळ गॉसिप हवंय, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, आपण सगळे तसेच. पण गंमत अशी की या लोकांची दोस्ती आणि दुरावा दोन्ही रंगमंचावरच जास्त दिसतात. काही निवडक प्रश्न घेतेय.

प्रश्न: आमच्या घरी आजोबांच्या पिढीत म्हणे दोन तट होते, एक बालगंधर्वांचा आणि एक केशवराव भोसल्यांचा, जेवताना भांडणं व्हायची. मग ते दोघं खरंच एकमेकांना पाण्यात बघायचे का? आणि तसं असेल तर दोघांच्या कंपन्यांनी मिळून केलेलं ते संयुक्त मानापमान नाटक झालं कसं? (एक वाचक, सांगली)

तुमच्या आजोबांसारखे तट गावोगावी होते. भांडायचे ते प्रेक्षक, आणि त्यांच्यात जेवढं वैर होतं तेवढं त्या दोघांत होतं असं मला तरी वाटत नाही. चढाओढ मात्र होती, आणि चांगली कडक होती.

आधी वयं बघा. बालगंधर्व 1888 चे, केशवराव 1890 चे, म्हणजे अंतर दोन वर्षांचं. बालगंधर्व 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. केशवराव त्याच्याही आधीपासून, अगदी पोरवयात, स्वदेश हितचिंतक मंडळीत संगीत शारदा नाटकातल्या शारदेचं काम करून लोकांना रडवत होते. 1908 च्या जानेवारीत त्यांनी हुबळीला ललितकलादर्श ही स्वतःची कंपनी काढली तेव्हा त्यांना अठरावं वर्षसुद्धा पूर्ण झालं नव्हतं! आज अठराव्या वर्षी आपण मुलाला एकट्याला पुण्याहून मुंबईला पाठवताना दहा सूचना देतो. दोघंही स्त्री भूमिकांत गाजलेले, म्हणजे स्पर्धा थेट एकाच खुर्चीसाठी. गळे मात्र अगदी निराळे, बालगंधर्वांचं गाणं लाडिक, लयीशी खेळणारं, आणि केशवरावांचं टिपेचं, तडफदार. एकाच्या भक्ताला दुसरा आवडणं कठीणच होतं.

पण एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात, दोघांच्या मागे एकच माणूस उभा होता. कोल्हापूरचे शाहू महाराज. बालगंधर्वांच्या कानाला त्रास होता, त्यावर मिरजेला डॉक्टर वॉनलेसांकडून उपचार करून घेतले ते महाराजांनी, आणि त्यानंतरच किर्लोस्कर मंडळीचा मार्ग मोकळा झाला. केशवराव तर कोल्हापूरचेच. त्यामुळे ही दोन टोकं वाटली तरी अंगण एकच होतं.

आता 1921. आदल्या वर्षी 1 ऑगस्टला लोकमान्य गेले होते, त्यांच्या नावाने गांधीजींनी टिळक स्वराज्य फंड उभारला. ज्यांनी नारायण राजहंस नावाच्या पोराला बालगंधर्व म्हटलं त्या टिळकांच्याच नावाचा फंड, त्यामुळे नाटकवाले मागे राहणं शक्य नव्हतं. 8 जुलै 1921 ला मुंबईत बालीवाला थिएटरात दोन्ही कंपन्यांनी मिळून मानापमान केलं, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. मग हे फक्त फंडासाठी होतं का? निमित्त फंडाचंच होतं हो. पण नाटक कोणतं होतं ते बघा ना! श्रीमंत घरातली भामिनी गरीब सेनापतीला झिडकारते, त्याचा अपमान करते, आणि मग हळूहळू त्याच्याच प्रेमात पडते. लोक ज्यांना एकमेकांचे दावेदार म्हणतात त्या दोघांनी हे स्टेजवर समोरासमोर करायचं.

आणि हे करताना काय काय सांभाळावं लागतं ते ज्यांनी संगीत नाटकाची एक तरी तालीम बघितलीय त्यांना कळेल. दोघांची पद्धत वेगळी, साथीदार वेगळे, कोणाच्या पदाला किती वन्स मोअर घ्यायचे हा प्रश्न तर सगळ्यात नाजूक. एकाने दोन आवर्तनं जास्त घेतली, दुसऱ्याने समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना मुद्दाम मान फिरवली, की संपलं, थिएटरात दंगा. तसं काही झालं नाही. उलट लगेच पाठोपाठ संयुक्त सौभद्रही लागलं. जे एकमेकांना पाण्यात बघतात ते एकदा देशासाठी उभे राहतील, पण दुसऱ्यांदा उभे राहायला एकमेकांबरोबर गायला मजा यावी लागते, असं आपलं माझं मत.

पुढे ही जोडी किती रंगली असती देव जाणे. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला केशवराव गेले, जेमतेम एकतिसाव्या वर्षी. ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी चालवली, त्यांच्यानंतर मुलगा भालचंद्र, म्हणजे आपले अण्णा पेंढारकर, ते 2015 पर्यंत होते. कोल्हापूरला शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचं नाव दिलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. टीव्हीवर त्या ज्वाळा बघताना रडणारे कोल्हापूरकर नट आठवतायत? बालगंधर्वांचा भक्त असो की केशवरावांचा, त्या रात्री तट नव्हते.

प्रश्न: मित्रांनी मिळून नाटक कंपनी काढली की ती फुटतेच, असं का? आमच्या हौशी ग्रुपचंही तेच झालं. (एक वाचक, नाशिक)

तुमच्या ग्रुपचं नक्की काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण अंदाज येतो. पैसे, नाहीतर पोस्टरवरच्या नावांचा क्रम.

मोठ्यांचं उदाहरण घ्या. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि तिघांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. कागदावर याहून चांगली टीम कोणी काढून दाखवावी. एक गाणारा, एक गद्य कामात वाघ, आणि एक पेटीवाला संगीतकार, मानापमानच्या चाली ज्यांच्या ते टेंबे. तरी काही वर्षांतच टेंबे बाहेर पडले, नंतर बोडसही. एकच प्याला हे नाटक आलं तेव्हा बोडस सुधाकर आणि बालगंधर्व सिंधू, म्हणजे 1919 सालची गोष्ट, नाटककार राम गणेश गडकरी नुकतेच म्हणजे त्याच जानेवारीत वारलेले, पदं गुर्जरांनी लिहून दिलेली. त्या सुधाकर आणि सिंधूला लोकांनी डोक्यावर घेतलं. स्टेजवर संसार बुडतोय आणि विंगेत भागीदारी.

कारण काय म्हणाल तर बालगंधर्वांचा हात फार सैल. स्टेजवर खरे शालू, खरं अत्तर, साथीला थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी, द्रौपदी नाटकाच्या वेळी तर खर्चाला धरबंधच राहिला नाही, कर्ज डोक्यावर. कलेचा मालक आणि हिशेबाचा मालक एकच असला आणि बाकीचे भागीदार नुसते बघत बसले की मित्रांचं कसं टिकणार? बोडस हिशेबी माणूस. मला तर यात कोणीच दोषी वाटत नाही. असलं गाणं हिशेबात बसत नाही, आणि कंपनी हिशेबाशिवाय चालत नाही.

त्यात अजून एक. तेव्हाची कंपनी म्हणजे आत्तासारखं संध्याकाळी येऊन मेकअप करून रात्री घरी जाणं नव्हतं. कंपनीचं बिऱ्हाड असायचं, आचारी एक, पंगत एक, आज मिरज उद्या बेळगाव, महिनोन् महिने तीच माणसं. त्यात दोस्ती व्हायची ती जन्माची आणि बिनसलं की तेही तसंच.

पण फुटणं म्हणजे वाईटच असं मात्र समजू नका. केशवरावांनी आपली कंपनी काढली म्हणून ललितकलादर्श झाली. गंधर्व मंडळी बाहेर पडल्यावर किर्लोस्कर मंडळी बसली असती, पण तिथे 1914 च्या सुमारास दीनानाथ मंगेशकर नावाचा पोरगा आला. मग 1918 मध्ये तो चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांना घेऊन बाहेर पडला आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली, ज्यांनी भावबंधन केलं, रणदुंदुभि केलं, सावरकरांचं संन्यस्त खड्ग केलं. (हे कोल्हापुरे म्हणजे पद्मिनी कोल्हापुरेचे आजोबा, हे सांगितलं की हल्लीची मुलं एकदम कान टवकारतात.) म्हणजे पाच वर्षांत एका किर्लोस्कर मंडळीच्या पोटातून दोन मोठ्या कंपन्या निघाल्या. सगळे गुण्यागोविंदाने एकाच बिऱ्हाडात राहिले असते तर आपल्याला एक बालगंधर्व मिळाले असते आणि दीनानाथ कोरसमध्ये राहिले असते.

तुमच्या ग्रुपचे दोन ग्रुप झालेत ना? मग राज्य संगीत नाट्य स्पर्धेत दोन एन्ट्र्या जाऊ देत.

प्रश्न: मानापमानच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली आणि तरी ते उभे राहिले, ही गोष्ट खरी की दंतकथा? (एक वाचक, ठाणे)

खरी. 12 मार्च 1911, मुंबई. कंपनीतली मंडळी प्रयोग पुढे ढकलायला तयार होती, बालगंधर्वांनीच होणार म्हणून सांगितलं. हे ऐकून लोक त्यांच्या निष्ठेला हात जोडतात ते ठीकच आहे, मला मात्र त्या रात्री त्यांच्यासमोर उभे राहून हसरे संवाद म्हणणाऱ्या बाकीच्या नटांचं जास्त वाटतं. त्यांना सगळं माहीत होतं.

प्रश्न: राहुल देशपांडे आणि महेश काळे खरंच जिवलग मित्र आहेत का? आमच्या ऑफिसमध्ये यावरून रोज वाद. कट्यारमुळे त्यांच्यात स्पर्धा आहे असं एक जण म्हणतो. (एक वाचक, पुणे)

ऑफिसात कामं नाहीत वाटतं! कोण कोणाच्या घरी जेवायला जातो हे मला विचारू नका, ते त्यांचं त्यांना माहीत, आणि एकाने दुसऱ्याचा फोटो लाइक केला नाही यावरून निष्कर्ष काढू नका. पण कट्यारचा धागा धरलात ते बरं केलंत, कारण तो फार सुंदर आहे.

कट्यार काळजात घुसली आलं 24 डिसेंबर 1967 ला. दारव्हेकर मास्तरांचं लेखन आणि दिग्दर्शन, अभिषेकी बुवांचं संगीत, पणशीकरांची नाट्यसंपदा ही नाट्यसंस्था, आणि खाँसाहेब म्हणून वसंतराव देशपांडे. वसंतरावांनी वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली होती, ती सोडून ते पूर्णवेळ गाण्याकडे वळले त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, म्हणजे वय पंचेचाळीसच्या पुढे. आपल्याकडे या वयात लोक पीएफचा हिशेब करतात. त्यांच्या दोस्तीचा किस्सा शोधायचा तर पुलंकडे जावं लागतं, वसंतराव गातायत आणि पु. ल. पेटीवर आहेत अशी रेकॉर्डिंग्ज आहेत, ती ऐका. पेटीवाला मधेच मागे सरून वाट मोकळी करतो आणि गाणारा त्या वाटेने जाऊन परत येताना त्यालाच हसून दाद देतो, हे नुसतं कानाने ऐकू येतं.

नाटकात पंडितजी आणि खाँसाहेब अशा दोन गायकांच्या घराण्यांचं वैर आहे. आणि अभिषेकींनी काय केलं, घेई छंद मकरंद हे एकच पद दोन वेगळ्या चालींत बांधलं, एक पंडितजींच्या गायकीचं आणि एक खाँसाहेबांच्या. शब्द तेच. ऐकणाऱ्याला एक चाल जास्त आवडते, पण दुसरी खोटी म्हणता येत नाही. तुमच्या ऑफिसातल्या वादाचं उत्तर इथेच आहे खरं तर.

आता बघा. राहुल हा वसंतरावांचा नातू, महेश हा अभिषेकींचा शिष्य. 2010 मध्ये सुबोध भावेने नाटक पुन्हा उभं केलं तेव्हा राहुल खाँसाहेब आणि महेश सदाशिव, म्हणजे पंडितजींचं गाणं शिकायला आलेला तरुण. म्हणजे आजोबांनी जे म्हटलं ते नातू म्हणतोय, आणि ज्या गुरूने चाली बांधल्या त्याचा शिष्य समोर उभा. 2015 च्या सिनेमात सचिनच्या खाँसाहेबांना राहुलचा आवाज, सुबोधच्या सदाशिवला महेशचा. त्या सिनेमासाठी महेशला पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे मी वसंतराव या सिनेमासाठी राहुललाही मिळाला, ज्यात तो स्वतः आजोबांच्या भूमिकेत आहे. एकाच नाटकाच्या झाडाला आलेली ही दोन फळं. मग स्पर्धा आहे का? असणारच, दोन चांगले गवय्ये एका वयाचे आणि स्पर्धा नाही असं कधी झालंय? नसती तर मला काळजी वाटली असती.

आणि असं बघायचंच असेल तर थोडं मागे जा. 1963 च्या मंदारमाला नाटकामध्ये राम मराठे आणि प्रसाद सावकारांची जय शंकरा गंगाधरा ही जुगलबंदी आहे. जुगलबंदी म्हटलं की हल्ली कुस्ती समजतात. रेकॉर्ड लावा आणि एकाची तान संपताना दुसरा कुठून उचलतो तेवढंच ऐका. राम मराठे हा आडदांड गळा, ते मनात आणतील तर समोरच्याला बोलूही देणार नाहीत. पण सावकारांची जागा आली की ती त्यांची असते. मी तर म्हणते मैत्रीचा पुरावा याहून वेगळा काय मागायचा.

प्रश्न: नवरा-बायको दोघंही संगीत नाटकात असले की घर कसं चालतं? शिलेदारांबद्दल थोडं लिहा ना. (एक वाचक, कऱ्हाड)

शिलेदारांचं घर चाललं नाटकावर आणि नाटक चाललं घरावर. जयराम शिलेदार म्हटलं की जुन्या लोकांना 1947 चा लोकशाहीर रामजोशी आठवतो, हंसा वाडकरांबरोबरचा. सिनेमात नाव झालेला माणूस सिनेमातच राहतो, हा गडी परत फिरला आणि 1949 मध्ये जयमालाबाईंबरोबर मराठी रंगभूमी ही संस्था काढली. आता 1949 म्हणजे कोणता काळ ते लक्षात घ्या, बोलपटांनी नाटक कंपन्या झोपवल्या होत्या, थिएटरांची टॉकीज झाली होती, शहाण्या माणसाने संगीत नाटकात पैसा घालू नये अशी परिस्थिती. यांनी घातला.

मुली दोन, लता आणि कीर्ती, दोघीही त्याच वाटेने. कीर्तीताईंनी लहानपणापासून आईवडिलांबरोबर कामं केली, पुढे विद्याधर गोखल्यांच्या स्वरसम्राज्ञीने त्यांचं स्वतःचं नाव झालं, 2018 च्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. जयमालाबाईंना पद्मश्री मिळाली ती 2013 मध्ये, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या. नवराबायको स्टेजवर प्रियकर-प्रेयसी असतात आणि मुलगी आईची भूमिका पुढे चालवते यात जे अवघडलेपण असेल ते असो, पण एक फायदा होता, तालमीला कोणी उशिरा येत नाही.

2022 चा जानेवारी मात्र वाईट गेला. 8 तारखेला रामदास कामत गेले, मत्स्यगंधा नाटकातले पराशर, आणि 22 तारखेला कीर्तीताई. दोन आठवड्यांत दोन पिढ्या. त्या दिवसांत माझ्याकडे आलेल्या बहुतेक फोनांची सुरुवात "ऐकलंत का" अशीच व्हायची.

प्रश्न: मी नवीन आहे, बावीस वर्षांची. संगीत नाटकातल्या आवडत्या कलाकारांचं करिअर फॉलो कसं करायचं? इन्स्टावर सगळे रीलच टाकतात, पुढचा प्रयोग कुठे ते कळतच नाही. (एक वाचक, पनवेल)

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं, अगं बावीस वर्षांची मुलगी हा प्रश्न विचारतेय म्हणजे अजून आशा आहे.

सोपं सांगते. शनिवार-रविवारच्या मराठी पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान, तेच खरं फीड. तिथे नुसतं नाटकाचं नाव वाचू नकोस, खालची नावं वाच आणि त्यांचा क्रम वाच. मागच्या महिन्यात चौथ्या नंबरला असलेलं नाव दुसऱ्या नंबरवर आलं की समज काहीतरी झालंय. एखादं नाव गायब झालं की बदली कलाकार आलाय, मुद्दाम जाऊन बघ, कारण बदली कलाकार पहिल्या चार-पाच प्रयोगांत जीव तोडून काम करतो आणि समोरचा मुरलेला नट त्याला कसा सांभाळून घेतो तेही दिसतं. बुकिंग ऑनलाइन होतंच, प्रशांत दामल्यांनी सुरू केलेलं तिकिटालय अ‍ॅप आहे, त्यावर एका जागी बरंच सापडतं.

दामल्यांचंच बघ. तू त्यांना शुद्ध संगीत नाटकवाले म्हणशील की नाही माहीत नाही, म्हातारे लोक नाक मुरडतील, पण एका लग्नाची गोष्टमधलं सुख म्हणजे नक्की काय असतं हे गाणं त्यांनी स्टेजवरून घराघरात नेलं. 6 नोव्हेंबर 2022 ला षण्मुखानंदमध्ये त्यांचा 12,500 वा प्रयोग झाला. आकडा परत वाच. आणि कविता मेढेकर त्यांच्याबरोबर या पहिल्या गोष्टीतही आणि नंतरच्या एका लग्नाची पुढची गोष्टमध्येही. एवढी वर्षं एकाच माणसाबरोबर तोच विनोद करायचा आणि तो त्या रात्री पहिल्यांदा सुचलाय असं वाटायला लावायचं, मला तर लग्न टिकवण्यापेक्षा हे कठीण वाटतं.

दुसरं, संगीत देवबाभळीसारखं काही आलं की सोडू नकोस. प्राजक्त देशमुखचं नाटक, 2017 चं, स्टेजवर दोनच बायका, शुभांगी सदावर्तेची आवली, म्हणजे तुकोबांची बायको, आणि मानसी जोशीची लखुबाई, म्हणजे रखुमाई. आनंद ओकचं संगीत. दोघीच असल्या की लपायला जागा नसते, एकीचा सूर त्या दिवशी जरा खाली असला तर दुसरीने तिला उचलायचं, तिसरं कोणी नाहीच. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये षण्मुखानंदला निरोपाचा प्रयोग झाला तेव्हा अख्खं थिएटर उभं होतं.

आणि मोठ्या नावांच्या मागेच लागू नकोस. राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोग बघ, तिकीट नावापुरतं असतं आणि अर्धं थिएटर रिकामं, पण उद्याची नावं तिथेच असतात. गोव्यात नातेवाईक असले तर जत्रेच्या दिवसांत जा. तिथे गावातला पोस्टमन रात्री धैर्यधर होतो आणि वरच्या पट्टीत असा गातो की आपण गप्प. रामदास कामत, प्रसाद सावकार ही मंडळी गोव्याचीच, उगाच नाही.

प्रश्न: प्रयोग संपल्यावर कलाकारांना आत जाऊन भेटलेलं चालतं का? की त्रास होतो? मेसेज केला तर उत्तर देतात का? (एक वाचक, डोंबिवली)

चालतं. आपल्याकडे तरी मेकअप रूमच्या दारात कोणी काठी घेऊन उभं नसतं, आणि बहुतेक नटांना कोणी आलंच नाही तर वाईट वाटतं. पण पडदा पडल्यापडल्या धावत जाऊ नका.

त्या पंधरा मिनिटांत आत काय चालू असतं सांगते. एक जण टॉवेल गळ्यात टाकून खोबरेल तेलाने तोंडावरचा मेकअप खरवडतोय, निम्मं तोंड राजाचं आणि निम्मं त्याचं स्वतःचं. नायिकेच्या डोक्यातल्या पिना काढायला दोघी लागल्यात. कपडेपटवाला शेले मोजतोय, एक कमी आहे आणि तो ज्याच्या अंगावर आहे तो फोनवर बोलत बाहेर गेलाय. ऑर्गन उचलायला चार माणसं, "सांभाळून रे" असं ओरडणारा पाचवा. सेट ट्रकमध्ये चढतोय कारण उद्या दुपारी दुसऱ्या गावात प्रयोग आहे. कोपऱ्यात मॅनेजर प्रत्येकाच्या हातात नाईटचं, म्हणजे त्या प्रयोगाच्या मानधनाचं, पाकीट ठेवतोय. आणि ज्याने आत्ता तीन तास गायलंय तो कोमट पाण्याचा ग्लास धरून गप्प बसलाय. तेव्हा त्याला "एक पद म्हणा ना" असं म्हणू नका! असं म्हणणारे लोक आहेत, मी कानांनी ऐकलंय.

थोडं थांबा, मग जा, एकच वाक्य बोला आणि ते नेमकं बोला. "खूप छान झालं" हे त्यांनी शंभर वेळा ऐकलेलं असतं. "दुसऱ्या अंकात तुम्ही समोरच्याच्या पदाला मान हलवलीत ना, ते फार आवडलं" असं म्हणून बघा. चेहरा बदलतो. सेल्फी विचारून काढा, अर्धा मेकअप उतरलेला असताना नको. मेसेजचं म्हणाल तर नाटकाबद्दल लिहिलंत तर बरेच जण उत्तर देतात, "अमक्याशी तुमचं बिनसलंय का" असं विचारलंत तर ब्लॉक, आणि योग्यच आहे ते. जिवंत माणसांचं बिनसलेलं त्यांनी स्वतः सांगितलं तर ऐकावं, नाहीतर सोडून द्यावं. 1913 मधल्या भागीदारांबद्दल हवं तेवढं बोला, ते काही वाचायला येत नाहीत.

प्रश्न: हे सगळे किस्से तुम्हाला कुठे मिळतात? वाचायला दोन-तीन पुस्तकं सुचवा. (एक वाचक, अमरावती)

नटांनी स्वतः लिहिलेली वाचा, समीक्षकांची नंतर. गणपतराव बोडसांचं माझी भूमिका, चिंतामणराव कोल्हटकरांचं बहुरूपी, गोविंदराव टेंब्यांचं माझा जीवनविहार, आणि जयराम शिलेदारांचं सूर रंगी रंगला. दुकानात नसलीच तर सार्वजनिक वाचनालयात नक्की, जुन्या वाचनालयांत नाटकाचं कपाट बहुतेक मागच्या खोलीत असतं, ग्रंथपालांना किल्ली मागावी लागते.

क्रम म्हणाल तर बोडस आणि टेंबे पाठोपाठ वाचा. दोघं एकाच कंपनीचे भागीदार, एकाच पंगतीला जेवलेले, एकाच माणसाचं गाणं विंगेतून ऐकलेले. कोण काय सांगतो आणि कोण काय गाळतो ते पेन्सिल घेऊन वाचा. पुस्तक वाचनालयाचं असेल तर खुणा वहीत करा.